छापलं तसं वाचणारे अंबादासभाऊ

अंबादासभाऊंबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. तो हक्क फक्त माझा आहे, कारण त्यांच्या चुकीपायी मी निवडणूक हरली.

भाऊ कारखान्यात फिटर होते, शिक्षण आठवी. रोज ड्यूटीला जायच्या आधी जबलपुरातल्या कांचघर वस्तीच्या आमच्या बुद्धविहारात ते पेपर वाचून दाखवत. दोन हिंदी पेपर पदरच्या पैशाने आणत. एकातली बातमी वाचली की तीच दुसऱ्यातली वाचायची. दोन्हीकडे जुळलं तर म्हणत, पक्कं. नाही जुळलं तर, थांबा, उद्या पाहू. तोवर कोणी आपलं मत ठोकायचं नाही. आम्हा बायकांसाठी हिंदीचं तिथल्या तिथे मराठी करत, तेही इतकं घडाघडा की माझी सासू विचारे, काय रे, हा पेपर नागपूरचा आहे काय? वस्तीत त्यांच्या "पक्कं"ला कोर्टाच्या शिक्क्याची किंमत होती.

चौऱ्याण्णवच्या सुमारास आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि मी, ब्लाऊज शिवणारी सुमनबाई, उभी राहिली. काहून? तर आमच्या गल्लीत नळ आहे असं सरकारी कागद म्हणत होता, आणि आम्ही बादल्या घेऊन रेल्वे लाइन ओलांडून राहिलो होतो. भाऊंनीच फॉर्म भरून दिला. निशाणी मिळाली शिलाई मशीन.

मतदानाच्या आदल्या सकाळी मी पोळ्या लाटत होती. शेजारची शेवंता विहारातून आली ती दारातूनच कडाडली, आम्हाला उन्हातान्हात फिरवलं आणि आता माघार काहून घेतली? मला वाटलं, थट्टा करते. पण बाईचे डोळे भरलेले होते. दोन्ही पेपरांत आलं होतं म्हणे, की मी नाव मागे घेऊन दुसऱ्या बाईंना पाठिंबा दिला. भाऊंनी दोन्ही वाचले आणि म्हणाले, पक्कं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिठाच्या हातानेच विहार गाठला. भाऊ पेपरांच्या घड्या करत होते, तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "भाऊ, पाच पावलांवर माझं घर. मला विचारायला काय झालं होतं?"

त्यांनी दोन्ही पेपर पुन्हा उघडले आणि या वेळी मराठी न करता, शब्द न् शब्द हिंदीतच वाचले. दोन्हीकडे मजकूर अगदी तोच. आणि दोन्हीकडे लिहिलेलं, गोहलपुरमध्ये राहणाऱ्या सुमनबाई. गोहलपुर म्हणजे शहराचा वेगळाच भाग, मी जन्मात तिथे राहिली नाही! सकाळी भाऊंना ते दिसलं होतं. छपाईची चूक समजून त्यांनी आपल्या मनानेच दोन्ही वेळा कांचघर म्हटलं होतं. लोकांपर्यंत बातमी पोचली ती धुऊन, इस्त्री करून.

"हे दोन पेपर नाहीत, सुमनबाई," ते म्हणाले. "कोणीतरी एकच कागद दोघांना दिला. आणि मी त्याला तिसरं तोंड दिलं."

तो कागद कोणी दिला ते आजवर कळलं नाही. भाऊंनी त्या दिवशी कारखान्याला खाडा केला आणि मला रत्नाकरच्या छापखान्यात नेलं. रत्नाकर दर आठवड्याला चार पानांचा पेपर काढायचा. भाऊ त्याला चिटोरं म्हणत, विहारात कधी आणत नसत. पण अख्ख्या जबलपुरात माझ्या घरी बसून, मला विचारून लिहिणारा तोच एक होता. दुपारपर्यंत त्याने एक पान छापून दिलं की सुमनबाई उभ्या आहेत. भाऊ ते घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक दारात आधी म्हणायचे, सकाळी मी चुकीचं वाचलं, आणि मगच पान हातात द्यायचे. काही जण हसले. एकाने टोमणा मारला, अच्छा, मग आता भरोसा कोणावर ठेवायचा? भाऊ म्हणाले, "एकट्या माझ्यावर नको."

मी एकोणीस मतांनी पडली. खूप रडली. दोन महिने भाऊंशी बोलली नाही, ते जयभीम म्हणत तरी मान फिरवून जात होती.

त्यांनी मात्र वाचन सोडलं नाही. रत्नाकरचं चिटोरं विहारात आलं. हिंदी आता आधी छापलं तसं, चुकांसकट वाचलं जाई, मराठी नंतर. आणि वस्तीतल्या कोणाचं नाव आलं, तर भाऊ आधी त्याच्या दारात जाऊन विचारत, मगच वाचत. एवढ्या मानाचा माणूस चारचौघांत चुकलो म्हणाला आणि पुढे वीस वर्षं त्या बोलण्याला जागला. असा दुसरा मी पाहिला नाही, सांगून ठेवते.

भाऊ गेले तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या. वाचायचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं. त्यात लिहिलेलं होतं, विजय नगरचे रहिवासी. माझी जीभ कांचघरकडे वळत होती, पण मी विजय नगरच वाचलं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, "चला, दारात जाऊन विचारू."

एकही जण मागे राहिला नाही. भाऊंचं घर विहाराच्या पाठीमागेच आहे, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या इंदिरावहिनी, दार उघडून उभ्या होत्या.