दहा टोले, नऊ पाती

माझ्याच वाडीतल्या माणसाने मला फसवले. मुंबईचा भंगारवाला फसवणारच, तो त्याचा धंदा. म्हणून तर मी आपला माणूस सोबत नेला होता.

रत्नागिरीत भाताची गिरण घातली तेव्हा कोंडा उडवायला मला जोरकस पंखा हवा होता. लढाईतल्या विमानांची इंजिने गार ठेवणारे पंखे त्या वर्षांत मुंबईत भंगारात मिळत. हलके आणि बळकट. आमच्या वाडीतला हा गृहस्थ विमानदुरुस्तीच्या कारखान्यात होता आणि त्याचे कामच ते होते. पंखा टांगायचा, लाकडी हातोडीने एकेक पाते ठोकायचे, आवाज ऐकायचा. धड पाते घंटेसारखे लांबवर वाजते. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तरी ते बद्द बोलते. पाते ठोकले की त्याच्या बुडाशी लाल पेन्सिलीची रेघ मारायची, ही कारखान्याची शिस्त.

आदल्या दिवशी तो एकटाच जाऊन पंखा बघून आला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेला.

“दादा, नीट ऐका हां. मागून म्हणाल, सांगितलं नाय.”

मी नारळ विकून वर आलेला माणूस. नारळ वाजवून घेताना डोळे मिटायचे, ही माझी जुनी खोड. उघड्या डोळ्यांनी कान अर्धाच चालतो. तिथेही मिटले. दहा पाती, दहा टोले. दहाही स्वच्छ वाजले. डोळे उघडले तेव्हा तो पेन्सिल कानामागे खोचत होता. मग मी भंगारवाल्याशी किमतीवरून भांडायला बसलो आणि तो त्याचाच चहा पीत गप्प बसला.

गिरणीवर माझ्या फिटरने पंखा बसवला, पट्टा चढवला आणि इंजिन सुरू केले. सावकाश होते तोवर ठीक. वेग वाढवला तशी पंख्याच्या गुणगुणीच्या आत एक थरथर यायला लागली. फिटरने काठीचे एक टोक बेअरिंगला लावले, दुसरे कानाला.

“शेट, बंद करू या. एक पातं येगळं बोलतंय.”

“दहाच्या दहा मी माझ्या कानांनी ऐकलीत. तुझा कान विमानवाल्यापेक्षा मोठा काय?”

“मोठा नाय, जवळ हाय.”

भात घेऊन आलेली गिऱ्हाइके हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“वाढव!”

त्याने माझ्याकडे एकदा बघितले, वेग वाढवला आणि पुन्हा काठी लावून उभा राहिला. थरथरीची शीळ झाली, शीळ बारीक होत वर चढली. मी हात वर केला, थांबव म्हणायला. तेवढ्यात पाते तुटले. तुकडा फिटरच्या उजव्या खांद्यात बसला. तो हात आजही कानापर्यंत जात नाही.

त्याला इस्पितळात पोचवून परत आलो आणि पंखा उतरवला. तुटलेल्या पात्याच्या खुंटावर दोन हिस्से भेग काळी, तेलकट, जुनी. एक हिस्सा कोरा, चकचकीत. म्हणजे चीर आधीपासून होती. मग माझा दहावा टोला कुठला? मी पाती उलटी करून बुडे पुसली. आठ पात्यांवर एकेक लाल रेघ होती. शेजारच्या नवव्यावर दोन. खुंटावर एकही नाही.

डोळे मिटलेल्या माणसापुढे त्याने एक चांगले पाते दोनदा वाजवले होते. आणि हाताला इतकी सवय, की रेघही दोनदा मारली.

शिमग्याला तो गावी आला. त्याच्या अंगणात चार माणसे बसलेली असताना मी कापून आणलेले ते दोन रेघांचे पाते त्याच्यासमोर ठेवले.

“ही रेघ दोनदा कशी?”

त्याने कप खाली ठेवला. “दादा, मी ठोकलं. ‘चांगलं हाय’ असा शब्द माझ्या तोंडून निघाला काय? ऐकलंत तुम्ही. तेपण डोळे मिटून.”

माणसे हसली.

“आणि फिटर बंद करू या सांगत होता, तेव्हा तुमचं तोंड कोणी धरलं होतं?”

तेव्हा कोणी हसले नाही.

त्याचे उत्तर मी दिले आहे. फिटरच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर, वेग वाढवायला मी लावला असे कबूल केले. ती म्हणाली, “ते आमाला ठावं हाय, शेट.” तेवढी चूक माझी आणि ती मी मरेपर्यंत माझ्याच नावावर ठेवीन.

पण दुसरी रेघ माझी नव्हे. ज्या हाताने ती मारली, त्याने फिटरच्या दारात यावे. माझ्यापुढे काही सांगायची गरज नाही. फिटरच्या समोर बसून, त्याच्या खांद्याकडे बघत सांगावे: आदल्या दिवशी एकटा गेला होतास, तेव्हा ते पाते बद्द बोललेले तुला ऐकू आले होते की नाही? आले होते, तर कोणासाठी गप्प बसलास?