मरळीच्या पिल्लांचा बाप

आमच्या गावात साहेबांच्या टोप्या दुधरामकाकाइतक्या जवळून कोणी पाहिल्या नसतील. डोंग्यात साहेब पुढे बसायचा आणि वल्हं घेऊन काका मागे. त्यामुळे इतक्या वर्षांत पाण्यावर नेलेल्या साहेबांचे चेहरे त्याला धड आठवत नसत. पण कोणाची टोपी मागून कुठे उसवली होती आणि कोणाच्या मानेची कातडी उन्हानं कशी सोलली होती, हे विचारलं की तो न्याहारीला बसलेला जेवणापर्यंत सांगत राही. आता साहेब गेले. टोप्याही गेल्या. काका गेल्या माघातच गेला, आणि चोरखमाऱ्याच्या तलावावर पिसांची माशी टाकायला कोण कोणाला नेणार, हा प्रश्नच उरला नाही.

साहेबांची मासे धरायची तऱ्हा आमच्या लोकांना शेवटपर्यंत पटली नाही. ना जाळं, ना गांडूळ. एक लवलवती काठी, तिला लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी. ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की खाली बसलेल्या माशाला वाटावं, खरंच काहीतरी पडलं. तो उडी घेऊन अडकला की अर्धा तास त्याच्याशी खेळायचं, आणि लहान निघाला तर परत सोडून द्यायचं. धिवरटोळीतले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले म्हातारे पाळीवर, तलावाच्या बांधावर बसून हे बघत आणि म्हणत, यापेक्षा साहेबाला घरी जेवायला बोलावलं असतं तर कमी त्रास झाला असता.

काका स्वतः जातीचा धिवर. कोणत्या घटकेला मरळ कमळाच्या पानांखाली असते आणि कधी बुडालेल्या झाडांच्या खोडांशी येते, डोंग्याची सावली पाण्यावर कोणत्या बाजूला पडू द्यायची नाही, हे त्याला सांगावं लागत नसे. माशा बांधायलाही तो एका साहेबाचं बघून बघून शिकला. रानकोंबड्याची पिसं जंगलातून येत आणि लाल धागा रुख्माकाकीच्या लुगड्याच्या काठातून. एक अख्खा काठ असा तीन हिवाळ्यांत मरळींच्या तोंडात गेला. रुख्माकाकी, म्हणजे काकाची बायको, त्या लुगड्याची आठवण अजून काढते.

पण काका हे सगळं हौसेनं करत नव्हता. तलाव बांधला तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. पाळीवर टाकलेल्या मातीत त्याच्याही डोक्यावरच्या टोपल्या होत्या. पाणी भरलं तशा नाल्याकाठच्या धिवरांच्या जुन्या जागा बुडाल्या. बुडाल्या तर बुडाल्या, त्याबदली एवढा मोठा तलाव मिळाला म्हणून टोळी खुशीत होती. मग काही वर्षांनी हुकूम आला की तलावात कोणी जाळं टाकायचं नाही. दारासमोर पाणी, आणि जाळी आढ्याला टांगलेली. धिवर दुसऱ्यांच्या बांध्यांत धान रोवायला जाऊ लागले. अशी सहा वर्षं गेली. साहेबाच्या मागे डोंग्यात बसणारा काका हा टोळीतला एकटा माणूस, ज्याचा पाण्याशी संबंध राहिला होता. जाळ्यांची परवानगी मागायची तर ती त्यानंच, आणि टोप्यांच्या मागूनच.

ती तो मागत राहिला. त्या वेळी कालव्याच्या कामावर विल्मट नावाचा साहेब होता. धानाला पाणी सोडायची वेळ आली की तो तिरोड्याला गाडीतून उतरून इकडे येई आणि नहर बघायच्या आधी मासे बघी. काकानं दर खेपेला विचारावं आणि साहेबानं दर खेपेला मान हलवावी, असं तीन वर्षं चाललं. शेवटी एका पोळ्यानंतर साहेबानं बोलणं स्पष्ट केलं. परवानगी नागपूरच्या बड्या साहेबाच्या हातात, आणि बड्या साहेबाला माशांचा नाद. "हमको एक दफे बड़ा मरळ पकड़वाओ," विल्मट म्हणाला, "हम वो दिखाके बड़े साहेब को इधर लाएगा. फिर तुम जाल का बात करो."

बडी मरळ कुठे आहे, हे काकाला ठाऊक होतं. अडचण तीच होती.

पोळ्याच्या सुमाराला तलावाच्या एखाद्या शांत वळणावर पाण्यात शेंदूर सांडल्यासारखं दिसतं. जवळ जाऊन बघावं तर ती मरळीची पिल्लं असतात, बोटाच्या पेराएवढी, लालभडक, शेकड्यांनी, श्वास घ्यायला सारखी वर येणारी. त्यांच्या खाली आईबाप पहारा करतात. त्या दिवसांत नर इतका चिडलेला असतो की समोर काडी पडली तरी तो तिच्यावर तुटून पडतो. त्याला धरणं शेंबड्या पोरालाही जमेल. म्हणूनच धिवर त्याला धरत नाहीत. तो भुकेनं तोंड उघडत नाही, पोरांसाठी उघडतो, आणि अशा तोंडात गळ घालायचा नाही, हा टोळीचा जुना नेम.

त्या दिवशी दुपारपर्यंत विल्मट साहेबाला वीतभर लांबीच्या दोन मरळी मिळाल्या. त्यानं काठी आवरायला घेतली. बदलीची गोष्टही काढली. पुढच्या पोळ्याला इथे नसेन म्हणाला. काका पुढे सांगायचा की त्यानं बोट दाखवलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही, फक्त डोंगा थोडा वळला. वळणाच्या पलीकडे पाणी लाल होतं. साहेबानं एकदाच दोरी फेकली.

नर साडेचार शेर भरला. साहेब तो दोन्ही हातांनी उचलून पाळीवरून गावभर मिरवत गेला, आणि तिथेच घोटाळा झाला. टोळीचा मुख्य पंच जागेश्वरबाबा दारात बसला होता. त्यानं मासा पाहिला. एवढं मोठं डोकं आणि पोट मात्र आत गेलेलं. पहाऱ्यावरचा नर खात नाही, हे त्याला साहेबानं शिकवायला नको होतं. बड्या साहेबाला दाखवायला साहेबानं माशाचं माप कागदावर उतरवून घेतलं आणि मासा काकालाच दिला, पण रुख्माकाकीनं तो चुलीजवळ येऊ दिला नाही. शेवटी साहेबाच्या चपराशानं तो खाल्ला आणि चवीला बरा होता असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायत बसली. काकानं आपली बाजू मांडली, की मी काही दाखवलं नाही, डोंगा वळला.

"डोंगा वळला," जागेश्वरबाबा म्हणाला. "बरं. मंग दंड कोनाले करू, डोंग्याले?"

काकानं मग जाळ्यांची गोष्ट काढली. आपण हे कोणासाठी केलं, हे सांगितलं. पंचांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण परवानगी त्यांनाही हवी होती. पण हवी असली म्हणून नेम कसा सोडणार? कोंबडं-बकरं असा नेहमीचा दंड कोणी सुचवला, तो बाबानं बाजूला सारला. कोंबडं खाऊन पंचांचं पोट भरेल, म्हणाला, पिल्लांचं काय?

"बाप तुनं काढला. आता लाल पिल्लं काळी होतपर्यंत तूच त्याईचा बाप. सूर्य निंगाला का पान्यावर, बुडला का घरी. मधात उठला त जातीबाहेर."

अशा रीतीनं दुधराम धिवर मरळीचा नवरा झाला. हे माझं म्हणणं नाही, रुख्माकाकीचं आहे. ती सकाळी शिदोरी बांधून देताना विचारी, तिच्यासाठीबी देऊ का दोन भाकरी? काका शिदोरी उचलून निघे. वळणावर डोंगा उभा करायचा आणि लांब बांबू घेऊन बसायचं. बगळा आला, हाकल. पाणकावळा आला, हाकल. खंड्या वरून सूर मारी, त्याला बांबू पोचत नसे, तर काका त्याला शिव्या देई. पाळीवरून जाणारी माणसं थांबून पोरांची तब्येत विचारीत. पोरांची आई अजून खालीच होती. ती दिसत नसे, पण पहिल्या दिवशी तिनं बांबूच्या टोकालाच चावा घेतला. चौथ्या दिवशी तिनं काकाला चालवून घेतलं. पिल्लांच्या शेपटांची टोकं जराशी मळकट दिसू लागली होती. अजून आठवडाभर, असा काकाचा अंदाज होता.

पाचव्या दिवशी चपराशी धावत आला. बडे साहेब उद्या सकाळी येत होते. डोंगा तयार ठेवायचा, दुधराम पाहिजे, दुसरा कोणी नको.

सूर्य बुडून काका घरी आल्यावर पंच पुन्हा जमले. काका साहेबाबरोबर गेला तर पहारा मोडतो आणि तो जातीबाहेर. नाही गेला तर बडे साहेब नाराज होऊन परत जातात आणि जाळी आढ्यालाच राहतात. दुसऱ्या कोणी पहाऱ्यावर बसावं, तर बाबा ऐकेना. दंड ज्याचा त्याचा. काका म्हणाला, मी पिल्लं सोडत नाही, परवानगी गेली तर गेली. यावर चार जण त्याच्यावर ओरडले. तेच चौघे, ज्यांनी पाच दिवसांपूर्वी त्याला दंड करा म्हणून मान डोलावली होती.

रुख्माकाकी बाजूला बायकांत बसली होती. ती उठून पुढे आली.

"बाप मेला म्हनून यानं बसावं म्हनता न? मंग बाप कामाले गेला त पोराईले कोन पाहाते? मी बसीन."

मग जागेश्वरबाबानं तिला आठवण करून दिली की बाईनं डोंग्यावर पाय ठेवला तर जाळं उपाशी राहतं. हाही टोळीचा जुनाच नेम.

"सा वर्स झाले, जाळं उपाशीच हाये बाबा," काकी म्हणाली. "माह्या पायानं आजून किती उपाशी राहील?"

बाबा हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. उठून घरी गेला, आणि पंच उठून गेला म्हणजे पंचायत संपली.

दुसऱ्या दिवशी काकाचा डोंगा रुख्माकाकी घेऊन गेली आणि साहेबांसाठी मोठा डोंगा काढावा लागला. काका सांगे, त्या दिवशी त्याच्यासमोर दोन टोप्या होत्या, विल्मटची जुनी आणि बड्या साहेबाची कोरी. बड्या साहेबाला नाद होता, हात नव्हता. त्याची पहिली माशी विल्मटच्या टोपीत बसली, दुसरी आणि तिसरी काकाच्या पटक्यात. काकानं दोन्ही वेळा पटका सोडून गळ काढला आणि पुन्हा बांधला. शेवटी खोडांजवळ एक बरी मरळ लागली, शेर-दीड शेराची. बडा साहेब इतका खूश झाला की आता त्याला मोठी हवी झाली. विल्मटनं वळणाकडे हात केला. उधर चलो, दुधराम. वही जगह.

डोंगा जागचा हलला नाही.

विल्मटनं पुन्हा सांगितलं. काकाच्या हातात वल्हं होतं आणि समोर सहा वर्षांची जाळी होती. या खेपेला डोंगा आपोआप वळला असता तर टोळीतल्या कोणालाही चाललं असतं, हेही त्याला कळत होतं. पण पिल्लं, नेम, पंचायत, हे सगळं हिंदीत कसं आणायचं? त्यानं जे खरं होतं ते सांगितलं.

"साहेब, उधर मेरी औरत बैठी है."

दोघा साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. बायामाणसांचा घाट असेल, कोणी अंघोळीला उतरलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. बड्या साहेबाचे कान लाल झाले. हे काकाला मागून नीट दिसलं. त्यानं घाईघाईनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि डोंगा फिरवायला सांगितलं. परतीच्या वाटेत तो विल्मटला काहीतरी कडक बोलत होता.

साहेबांच्या उतरायच्या बंगल्यावर पोचल्यावर काकानं जाळ्यांची गोष्ट काढली. एवढ्या लाजेनंतर बड्या साहेबाला नाही म्हणणं जड गेलं असेल, की मरळीचा आनंद शिल्लक होता, देव जाणे. चार दिवसांनी कागद आला: दसऱ्यापासून होळीपर्यंत, पाळीपासून लांब, उथळ बाजूला धिवरांनी जाळी टाकावीत.

त्या दिवशी बंगल्यावरूनच काका पळत वळणावर गेला आणि म्हणाला, आता उतर, दंड माझा आहे. काकी उतरली नाही. तिचं म्हणणं, पिल्लं आता तिच्या आवाजाला सवकली आहेत. मग उरलेले दिवस दोघंही गेली, ती डोंग्यात आणि हा काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, बांबू घेऊन. एका सकाळी पाणी नुसतंच पाणी होतं. पिल्लं काळपट होऊन गवतात पांगली होती.

दसऱ्याला जाळी पडली. भरून आली. डोंग्यावरच्या बाईच्या पायाबद्दल आमच्या गावात मग कोणी मोठ्यानं काही म्हटलं नाही, आणि रुख्माकाकी त्यानंतर बारा वर्षं वल्हं मारत राहिली. काकानं आणखी कितीतरी टोप्या पाण्यावर फिरवल्या. लाल पाण्याजवळ एकही नेली नाही.

परवा मी काकीला विचारलं, त्या पिल्लांतली जगली तरी किती? ती दारात जाळ्याची गाठ मारत होती. सुईवरून नजर न काढता म्हणाली,

"मोजले नाही. लेकरं मोजत नाही, बापू."