उशाची भिंत

बेडरूम रंगवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात राव. हॉलचं काम असलं की घरचे चहा देऊन बाजूला होतात. बेडरूममध्ये मात्र कुणीतरी दारात येऊन उभं राहतंच, आणि उभं राहिलेलं माणूस बोलायला लागतं.

मी चिखलीचा, माझा पार्टनर भास्कर परभणीचा. बारा वर्षं जोडीनं पेंटिंग करतोय. हल्ली आमचं निम्मं काम एकच, पलंगाला लाकडी हेडबोर्ड घेण्याऐवजी उशाच्या भिंतीवरच ते रंगवून द्यायचं. कमान, चौकोन, पानांची वेल, म्हणाल ते!

*

मोशीतलं एक जोडपं. लग्नाला वर्ष झालेलं, दोघंही चाकणला, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. तिला कमान हवी होती. त्यानं फोनवरून सांगितलं, चौकोन.

मी म्हणालो, "दोघं बसून ठरवा, आम्ही उद्या येतो."

"दोघं बसून?" ती हसली. "यांची थर्ड शिफ्ट, माझी फर्स्ट. मी कामाला निघते तेव्हा हे जिन्यात भेटतात!"

भास्करनं तोडगा काढला. "मग असं करू ताई. डावीकडं तुमची कमान, उजवीकडं त्यांचा चौकोन. कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

ती म्हणाली, "बाजू कुठल्या, भाऊ? आम्ही दोघंही मधोमधच झोपतो."

भास्करनं टेप लावून भिंतीचा मध्य काढला.

*

तळवड्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये गडद निळी कमान काढून दिली होती. बाईनं स्वतः रंग निवडलेला. आठ महिन्यांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला, "भावा, ते परत पांढरं करून द्याल का?"

कंपनीनं त्याला ब्रेक दिला होता, म्हणजे काम सुटलं होतं. सामान बांधून लातूरला निघाले होते, आणि घरमालकाला भिंत होती तशी हवी होती.

निळा रंग मोठा चिवट. एक हात दिला, कमान दिसतच होती. दुसरा दिला, तरी अंधुक. बाई भांडी गोणीत भरता भरता मान वर करून बघायची. तिसरा हात वाळल्यावर मी म्हणालो, "आता नाही दिसत, वहिनी."

ती भिंतीसमोर येऊन उभी राहिली.

"मला दिसतंय," म्हणाली, आणि परत भांडी भरायला बसली.

*

पिंपळे गुरवच्या गावठाणातले एक काका. म्हणाले, "कमळं काढा. पर या भिंतीवर," आणि पलंगाच्या पायथ्याकडची भिंत दाखवली.

"काका, हेडबोर्ड उशाला असतं!"

"उशाला काढून तिला काय दिसनार? तिला मान वळवता येत न्हाई."

पलंगावर काकू होत्या. अर्धांगवायू झालेला, तेव्हापासून बोलणंही बंद. दोन दिवस आम्ही रंगवत होतो आणि त्या डोळे न हटवता आमचा ब्रश बघत होत्या. भास्कर सारखा वळून त्यांच्याकडं बघायचा.

काम झाल्यावर काका वाकून म्हणाले, "आवडलं का गं?"

काकूंचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. मग शब्द आला, "वाकडं."

आम्ही वळून बघितलं. तिसरं कमळ खरंच वाकडं होतं!

काका हसता हसता रडायला लागले. "सहा महिन्यांनी बोलली! आन् बोलली काय, तर बघा!"

भास्कर ओशाळून ब्रश घ्यायला गेला, तसा काकांनी त्याचा हात धरला. "राहू दे. सरळ केलं तर परत बोलायची न्हाई ती."

*

आकुर्डीतली एक सून. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. सासऱ्यांच्या खोलीत उशाच्या भिंतीवर तळहाताएवढा तेलकट डाग होता.

"आई इथं डोकं टेकून बसायच्या," ती म्हणाली. "त्यांच्या केसांच्या तेलाचा आहे. बाबांना रोज बघावा लागतो. छानसं हेडबोर्ड काढा, म्हणजे झाकला जाईल."

बिचारीनं चांगल्या मनानंच सांगितलं होतं. ती कामावर गेली, आणि भास्करनं सँडपेपर काढला. बाबा दारात उभे होते.

"घासावंच लागतं का?"

"हो बाबा. तेलावर रंग धरत नाही."

"बरं," ते म्हणाले. पण हलले नाहीत.

भास्करनं सँडपेपर भिंतीला लावला. मग खाली घेतला. माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. त्यानं पिशवीतून डब्याचं झाकण काढलं, डागाभोवती पेन्सिलनं गोल आखला, आणि त्या गोलाच्या बाहेरून पानांची वेल रंगवायला घेतली. बाबा खुर्ची ओढून बसले.

संध्याकाळी सून आली.

"अय्या, किती सुंदर झालंय!" मग जवळ जाऊन म्हणाली, "पण भाऊ, मधे हा गोल कोराच राहिला की! डाग तसाच आहे!"

भास्कर ब्रश धूत होता. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी बाबाच बोलले.

"अगं, डिझाइनच तसं आहे ते."