चिमाभाऊंची भट्टी

चिमाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. त्यांची मुलगी चांगुणा त्यांच्या गावाहून, आहुप्याहून बोलत होती. "काका, अण्णा सकाळी उठलंच न्हाईत..." पुढे रेंज गेली.

जुन्नरजवळच्या एका शेडमध्ये आम्ही नऊ वर्षं बरोबर काम केलं. प्लॅस्टिकच्या कारखान्यांतून साचे आणि यंत्रांतले लांबलचक स्क्रू आमच्याकडे साफ व्हायला यायचे, खाचाखाचांत जळकं प्लॅस्टिक घट्ट बसलेलं. ते भट्टीत ठेवायचे, झाकण आवळायचं, पंपानं आतली हवा ओढून घ्यायची आणि तापवायचं. प्लॅस्टिक वितळून खालच्या भांड्यात गळतं, उरलेलं वाफ होऊन जातं. हवाच नसल्यानं पेट घेत नाही. मी माल तपासायचो, भट्टी चिमाभाऊंची. उघडण्याआधी ते कान देऊन उभे राहायचे. मी हसायचो. "आमच्या देवराईत शिरतानाबी इचारून शिरत्यात, राव," एवढंच म्हणायचे.

एका दुपारी माल न्यायला आलेली गाडी खोळंबली होती. पडद्यावरचा तापमानाचा आकडा उतरलेला, म्हणजे भट्टी निवालेली. आत हवा सोडायच्या कॉकला मी हात घातला, तोच चिमाभाऊंनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले. "थांब. आत हाये कुणीतरी." ड्रायव्हर चिडला, मीही चिडलो, ते हलले नाहीत. शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावला. तापमान मोजणारी तारच तुटलेली निघाली. आकडा खोटा होता, आत सगळं तसंच तापलेलं. हवा शिरली असती तर भडका माझ्या तोंडावर आला असता.

संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आतून हाक आली. 'भाऊ, उघडू नका.'"

"कुणाची हाक?"

"तुझी."

त्या क्षणी मी तर त्यांच्या शेजारीच उभा होतो... तोंडातून शब्दही न काढता.

त्यानंतर त्यांच्या कान देण्याला मी कधी हसलो नाही, आणि तो विषयही आम्ही पुन्हा काढला नाही.

दहाव्याला आहुप्याला जाऊन आलो. भट्टी तेव्हापासून बंदच आहे. नवा माणूस मिळेना. परवा सकाळी झाडलोट करायला शेड उघडली. खिळ्याला त्यांचे चामड्याचे जाड हातमोजे लटकत होते, बोटं त्यांच्या मुठीसारखी वाकलेली. का कोण जाणे, त्यातला उजवा मी हातात चढवला.

आत ऊब होती. घामाची ओल होती...

शेडमध्ये मी एकटाच होतो. हात मी लगेच बाहेर काढला नाही.