तेवीस झापांचा भारा

लांगुयोन गावात बिबियाना नाबोर हे नाव घेतलं तर दहातले आठ जण विचारतील, कोण ही? पण ‘तेवीसवाली’ म्हटलं की माणूस हसतो आणि नदीपलीकडे बोट दाखवतो. तिथे ताबुक नावाची एकतीस घरांची वस्ती आहे. ताबुक म्हणजे पलतड. तिथले लोक निपा ताडाची पानं कापून छपराची झापं शिवतात. बांबूच्या कामटीवर पानं दुमडायची, वेताच्या दोऱ्याने टाके घालायचे, की एक झाप झालं. सगळ्या प्रांतात झापांचा भारा पंचवीसचा असतो. ताबुकचा तेवढा तेवीसचा. त्यावरून गावात पिढ्यान्‌पिढ्या विनोद चालत आले. ‘ताबुकच्या माणसाशी हात मिळवलास? मग बोटं मोजून घे.’

मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अडतीस वर्षं काम केलं. येत्या फेब्रुवारीत पासष्ट पूर्ण होऊन निवृत्त होईन. शिक्षणाने मी कॉमर्सचा. दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर मला जेवण गोड लागत नाही. या सवयीमुळेच नांग बियानांची माझी खरी ओळख झाली. नांग म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, आणि बियाना हे बिबियानाचं घरगुती रूप.

मागच्या मार्च महिन्यात पूरसंरक्षक भिंतीचा नकाशा आला. नदीच्या दोन्ही काठांनी भिंत, तिच्यावरून रस्ता. नकाशात ताबुकच्या एकतीस घरांवर तिरप्या रेघा मारल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, अतिक्रमण. त्या लोकांना सहा किलोमीटरवरच्या टेकडीवर जागा मिळणार होती. सिमेंटची घरं, नळ, वीज, सगळं होतं. निपा मात्र नव्हता. तो ताड भरतीच्या खाऱ्या पाण्यातच उभा राहतो. टेकडीवर गेलेला ताबुकचा माणूस सकाळी उठून काय करणार, याचं उत्तर नकाशात नव्हतं.

घरांची यादी करायला मला पाठवलं. होडीतून उतरलो तर नांग बियाना घराखालच्या सावलीत झापं शिवत बसलेल्या. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, बोटांची टोकं पानांनी चिरून काळी पडलेली.

“ये रे तोतो, बस. तिथे नको, ओलं आहे. तुझी सरकारी पँट खराब होईल.”

“नांग, मी चौसष्टचा झालो. पोराला म्हणतात तसं तोतो काय म्हणता?”

“मी तुला नाक पुसताना पाहिलंय. शंभरचा झालास तरी तोतोच.”

शेजारी त्यांची भावजय रुफिना पानं निवडत होती. ती म्हणाली, “आम्हाला हाकलायला आलाय तो. त्याला कॉफी कशाला?”

“हाकलायला आलेल्यालासुद्धा तहान लागते,” नांग बियाना म्हणाल्या. “टाक पाणी चुलीवर.”

मी यादी लिहीत होतो आणि त्या शिवत होत्या. प्रत्येक झाप संपलं की बाजूला ठेवताना त्या काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, जपमाळ चालली आहे. कान दिला तर वेगळंच ऐकू आलं. “दुमागिल.” पुढचं झाप. “सिंदाय.” पुढचं. “हानलिग.”

“हे काय म्हणता नांग?”

“मोजते.”

“असं कुणी मोजतं का? एक, दोन, तीन म्हणायचं.”

“एक-दोन-तीन शाळेत गेलेल्यांचं. माझ्या आईने मला हेच शिकवलं, तिला तिच्या आईने. ही जुन्या काळची घरं आहेत. धक्क्यावरून वर येताना पहिलं दुमागिलचं, मग सिंदायचं, मग हानलिगचं. शेवटच्या घराशी पोचलं की भारा बांधायचा.”

“आणि घरं तेवीस.”

“मग? बंदरावरचा व्यापारी दर वर्षी बोंब मारतो, पंचवीसचा भारा करा. मी म्हटलं, करते, पण मधली दोन घरं बांधून दे.”

रुफिना हसली. मला हसू आलं नाही. ही नावं माझ्या ओळखीची नव्हती. गेल्या पावणेदोनशे वर्षांत आमच्याकडे अशी नावंच कुणी ठेवलेली नाहीत. ही स्पॅनिश आडनावं येण्याच्या आधीची नावं होती.

इथे आमच्या आडनावांची गोष्ट सांगायला हवी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश सरकारने आडनावांचं जाड पुस्तक छापलं आणि त्याची पानं गावोगाव वाटली. लांगुयोनला ‘म’ची पानं आली, म्हणून मी मोस्केरा, डॉक्टर मोलिना आणि खाटीक मारान्योन. पलीकडच्या ताबुकच्या वाट्याला ‘न’चं पान गेलं. त्यामुळे आमच्या गावात आडनाव सांगितलं की माणूस कुठला ते कळतं, आणि ज्याचं अक्षर ‘म’ नाही तो बाहेरून आलेला, असा सगळ्यांचा पक्का समज आहे. माझाही होता. ताबुकचे लोक कुठून तरी वाहत येऊन काठाला लागले, असं माझे वडील सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये गेलो. तिथल्या लोखंडी कपाटातल्या पहिल्या नोंदवहीच्या सुरुवातीला एक यादी आहे. तिच्या डोक्यावर लिहिलंय, ‘जुन्या वस्तीतील घरे, धक्क्यापासून.’ खाली क्रमांक आणि घरमालकांची नावं. ही जुनी वस्ती म्हणजे चर्चच्या मागची गल्ली, असं आजवर सगळे धरून चालले होते. पहिलं नाव दुमागिल होतं. दुसरं सिंदाय. पुढचीही जुळली तर जुनी वस्ती म्हणजे ताबुकच. पुढचं वाचायचं मी मुद्दाम टाळलं. वाचलं असतं तर नकळत माझ्या तोंडून नांग बियानांपुढे एखादं नाव गेलं असतं आणि सगळं नासलं असतं. मी वही मिटली आणि पाद्रींना त्या पानाची प्रत काढून, पाकिटात घालून, लाख लावून द्यायला सांगितलं.

ते पाकीट घेऊन मी मेयरबाईंकडे गेलो. त्या सरळ स्वभावाच्या. म्हणाल्या, “नेमेसियो, ती वस्ती गावाहून जुनी असेल तर भिंतीची आखणी मी बदलायला लावते. पण पुरावा नगरपालिकेच्या सभेपुढे आला पाहिजे. आणि मालोंदा सरांना पटला पाहिजे. त्यांना नाही पटलं तर सभेत एक हात वर होणार नाही.”

मालोंदा सर हायस्कूलचे निवृत्त इतिहास-शिक्षक. निम्मी सभा त्यांच्या हाताखाली शिकलेली. चर्चच्या दारावर १७८९ कोरलंय, गाव तिथून आणि तेव्हापासून सुरू झालं, हे त्यांनी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं. माणूस हट्टी, पण खोटं बोलणारा नव्हे. लाखबंद पाकीट मी त्यांच्याच हाती दिलं.

सभेच्या दिवशी नांग बियाना धुतलेला झगा घालून आल्या. सोबत रुफिना आणि ताबुकचे पंधरा-वीस जण. सरांनी चष्मा पुसला.

“नांग, आडनाव काय तुमचं?”

“नाबोर.”

“म्हणजे ‘न’. गावाचं अक्षर कोणतं?”

“गावाचं अक्षर सरकारने दिलं, सर. त्याआधी काय आम्हाला हाका मारत नव्हते? शीळ घालत होते?”

सभेत खसखस पिकली. सरही किंचित हसले. “बरं, ती नावं म्हणून दाखवा.”

नांग बियाना उभ्या राहिल्या. “दुमागिल, सिंदाय, हानलिग…” आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडल्या. तिसऱ्या खेपेला तर दुसऱ्या नावावरच. त्या आपल्या हातांकडे पाहू लागल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “तेवीस राहू दे, आज तिनावरच भारा बांधा.” हशा झाला. ताबुकचे लोक जमिनीकडे बघत होते.

सर हळू आवाजात म्हणाले, “वय झालं नांग. विसरलात.”

“विसरले नाही. मोकळ्या हाताने ते येत नाही.”

“हे काय कारण झालं?”

“सर, तुम्हाला पोहता येतं?”

“नदीकाठचा माणूस आहे मी. येणारच.”

“मग त्या खुर्चीत बसून पोहून दाखवा बघू.”

मेयरबाई मोठ्याने हसल्या आणि उठल्या. “होडी काढा. सभा ताबुकला.”

दोन होड्यांतून सगळे पलीकडे गेलो. नांग बियाना आपल्या जागेवर बसल्या, झगा गुडघ्यांखाली दाबला, कामटी उचलली, पानं दुमडली. आम्ही भोवती उभे. पहिलं झाप झालं. मग ते बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, “दुमागिल.”

सरांनी लाख फोडली, कागद उघडला, पहिल्या नावावर बोट ठेवलं.

एका झापाला चार-पाच मिनिटं लागत. सिंदाय. हानलिग. पासिल. गिमाय. सरांचं बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. दहाव्या नावानंतर त्यांनी बसायला ओंडका मागितला. बाराव्या नावाला रुफिनाने केळीच्या पानातला चिकट भात सगळ्यांपुढे फिरवला. मेयरबाईंनी घेतला, सरांनी नुसती मान हलवली. बोट उचललं तर ओळ हुकेल, अशी त्यांना भीती वाटत असावी. सोळा नावं झाली, सोळाही जुळली.

सतरावं झाप खाली ठेवत नांग बियाना म्हणाल्या, “बालो.”

“थांबा,” सर म्हणाले. “बालो यादीत नाही. पुढचं नाव तालिसाय आहे.”

नांग बियानांनी मान वर केली नाही. हात चालूच होते. पुढचं झाप झालं तेव्हा म्हणाल्या, “तालिसाय.” आणि तिथून शेवटपर्यंत एकही नाव चुकलं नाही. तेविसावं झाप ठेवून त्यांनी वेताने भारा आवळला आणि मगच सरांकडे पाहिलं.

“नांग, तुमची तेवीस, यादीत बावीस. बालो हे नाव तरी आहे का? बालो म्हणजे विधवा.”

“विधवाच ती. तिचं घर होतं तिथे.”

“मग यादीत का नाही?”

“लिहिणारा दारोदार जाऊन विचारत गेला असेल, घरचा पुरुष कोण? तिच्या दारात काय उत्तर मिळणार? गेला पुढे.”

सर कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला. “मोस्केरा, तुमची नजर आकड्यांची आहे. हे क्रमांक वाचा.”

मी वाचले. चौदा, पंधरा, सोळा, अठरा. नावं बावीसच होती, पण शेवटचा क्रमांक तेवीस होता. लिहिणाऱ्याने घर मोजलं होतं, बाईचं नाव मात्र लिहिलं नव्हतं. सतराची रिकामी जागा आजवर ती यादी पाहिलेल्या सगळ्यांनी लेखनिकाची चूक म्हणून सोडून दिली होती.

सर ओंडक्यावरून उठले. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना उद्देशून, वर्गात बोलत तसे बोलले. “चर्च १७८९ मध्ये त्या काठावर उंचावर बांधलं. घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात राहायला या, असा पाद्रींचा हुकूम निघाला, तेव्हा गाव नदी ओलांडून तिकडे गेलं. ज्यांचं पोट निपावर होतं ते इथेच राहिले. आडनावांची पानं आली त्याच्या साठ वर्षांनी. तोवर गाव तिकडे झालं होतं आणि ही उरलेली वाडी. म्हणून तिला वेगळं अक्षर. अक्षरावरून मी यांना उपरे ठरवलं. उपरे आपण आहोत, इथून तिकडे गेलेले.” मग नांग बियानांकडे वळून म्हणाले, “मी तीस वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं, नांग.”

“काय बिघडलं? मुलं कुठे लक्ष देतात?” नांग बियाना म्हणाल्या. सरांना हसावं लागलं.

या बाईंबद्दल मला आदर वाटतो तो त्या दिवशी जिंकल्या म्हणून नव्हे. नावं कुणाची, कशासाठी, हे विचारायला सत्तर वर्षांत कुणी आलं नाही. उलट गावाने चेष्टा केली, व्यापाऱ्याने दम दिला, आणि दोन झापं वाढवून मोकळं होणं किती सोपं होतं! त्यांनी ते केलं नाही. ज्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही तिचं घरसुद्धा त्यांनी एका दिवसासाठीही गाळलं नाही. मी आयुष्यभर नोंदी ठेवल्या, पण कागद, शाई आणि कपाट हाताशी असताना. त्यांच्याकडे पानं होती, आणि तीही विकून टाकायची.

सभेने एकमताने ठराव केला. ऑगस्टमध्ये नवा नकाशा मंजूर होऊन आला. भिंत आता ताबुकच्या घरांच्या मागून जाणार होती. घरं जागेवर राहिली, पण भिंतीच्या नदीकडच्या बाजूला. इंजिनियरने स्पष्ट लिहिलं होतं की पुरापासून त्यांना संरक्षण मिळणार नाही. सगळ्या कुटुंबांनी ते मान्य असल्याचे अंगठे दिले.

कागद घेऊन मीच गेलो. ताबुकची सगळी माणसं जमली. मी ठराव सावकाश वाचून दाखवला. रुफिना रडायला लागली, मग लगेच स्वतःवरच चिडून भांडी घासायला गेली. नांग बियाना होडीत कोयता ठेवत होत्या.

“म्हणजे आता आम्ही इथेच?”

“इथेच नांग. कायमचं.”

“कायमचं!” त्यांनी समोरच्या पाण्याकडे पाहिलं. भरती चढत होती, निपाच्या बुंध्यांना पाणी लागलं होतं. “नदीला विचारलंस का रे, तोतो?”

मी ठरावाची घडी घातली.

“नसेल विचारलं तर राहू दे. तिचं आणि आमचं आम्ही बघून घेऊ.” त्यांनी वल्ह्याने काठ ढकलला. “बाजूला हो, पँट भिजेल. पाणी चढलंय तोवर पानं कापून आणते.”