समाजमंदिराच्या भिंतीवरचे पंजे

कौसल्याबाईंसमोर पुराच्या आराखड्याचं नाव काढायची वस्तीत कोणाची छाती नव्हती. नाव निघालं की त्या आधी आराखडा करणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या, मग चहा विचारायच्या. वय बासष्ट, अंग काटकुळं, जीभ मात्र कातरीसारखी. पण हा राग उगाच नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यांचे मालक भैय्याजी पुताईवाले. धरमपेठेतले बंगले रंगवण्यात त्यांची हयात गेली आणि राहायला मिळाली ती नाल्याकाठची सखल वस्ती. पूर येऊन गेला की भैय्याजी समाजमंदिराची भिंत कोणाला धुऊ द्यायचे नाहीत. गाळाची रेघ जिथवर चढली असेल तिथे निळीत बुडवलेला पंजा उमटवायचे आणि खाली साल लिहायचे. असे पाच पंजे होते. नवं बिऱ्हाड आलं की त्याला आधी ही भिंत दाखवायची, मग त्यानं आपली धान्याची कोठी किती उंचावर ठेवायची ते ठरवायचं, अशी वस्तीची रीतच पडली होती.

सहावा पंजा कौसल्याबाईंचा. तीन वर्षांपूर्वी भैय्याजी परांचीवरून पडून कंबर मोडून निजले होते. नाला फुगला तेव्हा पक्की इमारत म्हणून लोकांनी त्यांना समाजमंदिरात आणून ठेवलं. तिथलं लोखंडी दार बाहेर उघडणारं, बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं ते हलेना. खिडकीच्या गजांतून पाणी आत येत राहिलं आणि सोबत थांबलेल्या कौसल्याबाईंच्या हनुवटीला लागलं. भैय्याजी त्यात गेले. पाण्यानं त्यांना हातातून ओढून नेलं, एवढंच त्या सांगायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या भाचीच्या लग्नाला चार दिवस उमरेडला गेल्या आणि नेमकी तेव्हाच आराखड्याची माणसं आली. त्यांनी वरच्या रस्त्यावरच्या पुलाजवळ टेप लावला आणि ‘पुराचं पाणी एक फूट’ असं लिहून घेतलं. खाली उतरून विचारायचे कष्ट कोण घेतो? मागून रंगारी आला. पंजे म्हणजे पोरांचा चावटपणा समजून त्यानं भिंतीला पिवळा हात मारला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘पूर आला? घाबरू नका, निवाऱ्यात चला’. बाण काढला तो थेट त्या लोखंडी दाराकडे.

ते पाहून कौसल्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग लागल्यावर विहीर खणणारे परवडले. ही माणसं असलेली विहीर बुजवून वर रंग देणारी. निवारा चढावरच्या शाळेत न्या, हे सांगायला त्या तीनदा आराखड्याच्या कचेरीतल्या विक्रमसाहेबांकडे गेल्या. साहेबांनी तिन्ही वेळा पाणी दिलं आणि आराखडा मंजूर झाला आहे, पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलं. यंदाच्या पावसानंही पुढच्या वर्षीच यावं, अशी सोय मात्र त्यांनी केली नव्हती.

मग पुराच्या सरावाचा दिवस ठरला. भोंगा वाजला, नारिंगी जाकिटं आली, फोटोवाला आला. वस्तीतल्या चाळीस जणांना ओळीनं समाजमंदिरात नेऊन बसवायचं होतं. कौसल्याबाई निळीचा वाडगा घेऊन आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, भिंतीला पाठ लावून उभे राहा. फोटोवाला बघत होता म्हणून साहेब हसत उभे राहिले. कौसल्याबाई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकल्या आणि आपल्या हनुवटीजवळ पंजा मारला. तो साहेबांच्या छातीपाशी उमटला.

“तुमच्या छातीलेच लागलं. तुम्ही वाचले असते,” त्या म्हणाल्या. “माहा मानूस या खोलीत लेटून होता. त्याले पाण्यानं नाही नेलं. मी सोडलं त्याले, साहेब. म्हून मी जित्ती आहे. आता या दारातून मी आत काहून जाऊ?”

तीन वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कौसल्याबाई वळल्या आणि शाळेच्या चढाला लागल्या. चाळीसच्या चाळीस माणसं त्यांच्यामागे गेली. फोटोवाल्याला कुठेतरी फोटो काढणं भागच होतं, त्यानं शाळेच्या व्हरांड्यात काढला. फोटोत शाळा आणि कागदावर समाजमंदिर कसं चालणार? मग आराखड्यात शाळा लिहावी लागली. शहाणपण असं फोटोच्या वाटेनं आलं. आराखड्यातलं पाणी मात्र एक फूटच राहिलं.

पंधरा दिवसांनी साहेब छापील प्रत घेऊन घरी आले. भिंतीवर पुन्हा सगळे पंजे उमटवून घेऊ, बाकीचे पाच कुठे कुठे होते तेवढं सांगा, असं ते फार अदबीनं म्हणाले. कौसल्याबाईंनी आठवून पाहिलं. सालं आठवली, उंची एकाचीही नेमकी आठवेना.

“ते त्याचे हात होते, माहे नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पुसले, तुम्हीच शोधा.”

आणि साहेबांना चहा न विचारता त्यांनी दार लावून घेतलं.