मामांची एक वहाण

माझं पहिलं स्थळ पानसुपारीवरून मोडलं होतं. वरपक्षाच्या दोन काकांपैकी धाकट्याला वडिलांनी आधी विडा दिला, आणि थोरले काका तबकावरूनच उठून गेले. त्यामुळे कामठीचं दुसरं स्थळ आलं तेव्हा वडील मानपानाच्या धास्तीनं अर्धे झाले होते. मला मात्र मुलगा आवडला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण दोन सोमवार निर्जळी केले.

नवऱ्यामुलाचे मामा भारी मानाचे. त्यांनी मुलगी पाहिली, सुई ओवायला लावली, मग म्हणाले, "चालते कशी तेही पाहू." अंगणातल्या चार पावलांनी त्यांचं भागेना. वडिलांचा लकडगंजात सागवानाचा धंदा, रामटेकपलीकडच्या सरकारी राखीव जंगलात ओळखी. त्यांनी लगेच बेत ठरवला. पाहुण्यांना जंगल दाखवायचं, सांबर-नीलगाय दाखवायची, आणि जमलं तर मला चालतानाही दाखवायचं.

रामटेकपर्यंत रेल्वेनं आणि पुढं छकड्यातून आम्ही गेलो. चैत्र लागला होता, मोहाचा वास सुटला होता. वाट दाखवायला जंगलाची राखण करणारा नाकेदार आला, तो सवयीनं पुढं निघाला. वडिलांनी त्याला हात धरून मागं ओढला. व्याह्यांच्या पुढं कसा चालेल तो?

मग मानाप्रमाणे रांग लागली. सगळ्यात पुढं मामा, मग होणारे सासरे, मग माझे वडील, आई, मी, आणि सगळ्यात शेवटी तो नाकेदार, ज्याला एकट्यालाच वाट माहीत होती. मामांना माझी चाल पाहायची होती, पण मानामुळे ते पुढं आणि मी मागं. दर वळणावर ते मान मुरडून पाहायचे आणि ठेचकाळायचे. मी तेवढ्यापुरती फार नीट चालायचे.

बांबूच्या दोन बेटांमधून एक माणूस जाईल एवढीच वाट होती. पलीकडे मोहाखाली अस्वल फुलं खात होतं. मामा पुन्हा माझ्याकडे वळून पाहत होते, म्हणून त्यांना ते दिसलं तेव्हा मधे फार जागा उरली नव्हती.

"अस्वल हाय जी, मागं फिरा," नाकेदार मागून म्हणाला.

आम्ही मागं फिरलो, आणि घोटाळा झाला. आता पळण्यात मुलीकडचे पुढं आणि मुलाकडचे मागं. वडिलांच्या हे ध्यानात आलं. ते बाजूच्या काट्यात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आधी तुम्ही व्हा जी."

"नाही जी," सासरे म्हणाले, "पोरीले काढा पहिले."

अस्वल समोर असताना दोघं व्याही एकमेकांना नमस्कार करत उभे. आई वडिलांचा सदरा ओढत होती. मला भीती वाटत होतीच, पण 'पोरीले पहिले' ऐकून मला हेच सासर हवं असं पक्कं वाटलं. तेवढ्यात मामा दोन्ही व्याह्यांच्या मधून घुसले, आईला, मला आणि नाकेदाराला ओलांडून दिसेनासे झाले. अस्वलानं मान वर केली, आमचा तमाशा थोडा पाहिला आणि पुन्हा फुलं खायला लागलं.

वाटेत मामांची एक वहाण पडली होती. वडिलांनी ती उचलली आणि मानाची वस्तू म्हणून उपरण्यात गुंडाळली. सासऱ्यांनी छकड्यातच होकार दिला. मामा फक्त उतरताना म्हणाले, "मांडवात पाहू."

मांडवात त्यांनी पाहिलंच. पंगतीत आपल्या पाटाभोवती रांगोळी नाही म्हणून ताटावरून उठले आणि म्हणाले, "चला, वऱ्हाड परत न्या." वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, ती मामांच्या पायावर ठेवायला वाकले. ते मला बघवेना. मला पहिलं स्थळ आठवलं.

तेव्हा आई आतून तबक घेऊन आली. तबकात हळदकुंकू लावलेली, तेलपाणी करून चकचकीत केलेली ती एक वहाण होती.

"मामा, तुमचा मान आमच्याकडेच राहून गेला होता जी," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कुठं राहिला ते पंगतीले सांगू का?"

मामांनी वहाणेकडे पाहिलं. मग ते रांगोळी नसलेल्या पाटावर बसले आणि म्हणाले, "वरण वाढा."

बाशिंगाआड मी इतकी हसले की बायकांना वाटलं, पोरगी माहेरासाठी रडून राहिली.